खडकजिरीला दिलेलं आवतण

नारायणा, लोक तुला वैद्य म्हणू लागले आहेत. तू जिवंत असताना कोणी म्हणत नव्हतं. तेरवीच्या पंगतीत पहिला घास पोटात गेला आणि तुझी किंमत वाढायला लागली. वरण येईपर्यंत तुला नाडी कळत होती, कढी येईपर्यंत तुझ्या हाताला गुण होता असं ठरलं. एकानं सांगितलं की तू त्याच्या बैलाच्या खुराला पाला बांधलास आणि बसलेला बैल उठून चालायला लागला. तो बैल मला ठाऊक आहे. तो बसलेलाच नव्हता. लढाईपायी साखर मिळाली नाही म्हणून गुळाच्या खिरीवर एवढं झालं. साखर असती तर तुझं देऊळ बांधलं असतं.

पंगतीला बसलेल्या माणसाला अडवू नये.

तुला औषधं तीन येत होती. अडुळसा, निर्गुडी आणि खडकजिरी. पहिली दोन गुराख्याच्या पोरालाही येतात. तिसरी तुला कधी ओळखूच आली नाही. एवढंच मला सांगायचं होतं आणि इतकी वर्षं तू ते सांगू दिलं नाहीस. मी विषय काढला की तू बैलांना पाणी दाखवायला उठायचास. तुझ्या बैलांइतकं पाणी साऱ्या इंझोरीत कोणाच्या बैलांनी प्यालं नसेल. आता तुला उठता येत नाही. आता ऐक.

बानं आपल्या दोघा बहीणभावांना ती एकाच दिवशी दाखवली. गाडीवाट संपते तिथून पायी, पळसाच्या रानातून वर. आपल्या मुलखात त्या डोंगराहून उंच काही नाही. माथ्यावर माती संपते आणि काळा कातळ लागतो, तव्यासारखा सपाट. खडकजिरी त्या कातळाच्या भेगांत उगवते आणि फक्त तिथंच उगवते. खाली आणून लावली तर मरते. बानं परसात लावून पाहिली, मी पुढं सासरी मंगरूळच्या मळ्यात लावून पाहिली. खत घातलं तर आणखी लवकर मरते. उंची बोटभर, पान करंगळीच्या नखाएवढं. श्रावणात तिला मोहरीएवढं जांभळं फूल येतं, पाऊस सरला की तेही जातं आणि मग ती भेगेतल्या गवतात गवतच होऊन बसते.

तिच्या शेजारी, कधी तिच्याच भेगेत, दुसरी एक उगवते. बा तिला नाव देत नव्हता. नुसतं खोटी म्हणायचा. तेच पान, चुरगळलं तर तोच जिऱ्यासारखा वास. फूल असेल तर खोटीचं पांढरं असतं, आंधळ्यालाही कळेल. फूल नसताना खुणा दोनच. खरीची काडी चिमटीत फिरवली तर चार कडा लागतात, खोटीची काडी गोल गरगरीत असते. आणि जिभेवर ठेवल्या तर दोन्ही कडू, पण खरीचा कडूपणा विरतो आणि मागून नव्या माठातल्या पाण्यासारखं गार लागतं. खोटी घशापर्यंत जाळत जाते. बा म्हणायचा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका, डोळा आळशी असतो. बोटाला विचारा आणि जिभेला विचारा.

मग तो आपल्याला कातळावर बसवायचा, डोळे मिटायला सांगायचा आणि जिभेवर एकेक पान ठेवायचा. मी डोळे मिटायचे. तू मिटत नव्हतास. तू पान गालात दाबून माझ्या तोंडाकडं पाहायचास. माझं तोंड वाकडं झालं की तू म्हणायचास खोटी, नाही झालं की खरी. मला ते कळायचं नाही, माझे डोळे मिटलेले. बाला कळायचं. तो हसून सोडून द्यायचा. मुलगा होतास ना तू. मी जर असं केलं असतं तर निर्गुडीचा फोक बसला असता.

असा तू वैद्य झालास.

बा गेला आणि गावानं औषधासाठी तुझ्या दारात यायला सुरुवात केली. लोकांना काय, बापाचं धोतर ज्यानं नेसलं त्याला ते बाप समजतात. खोकल्याचे लोक बरे होत होते. खोकला आपोआपही बरा होतो, हे मी तुला सांगितलं होतं. तू म्हणालास, बाई, तुझ्या जिभेला हाड नाही. हाड नाही खरं. पण चव होती.

तुझ्या बायकोचं, पारबतीचं, दुसरं बाळंतपण अवघड झालं. मूल राहिलं नाही. तुमची थोरली गोदा तेव्हा एवढीशी, आईच्या बाजेच्या पायाला धरून उभी राहायची. पारबतीचा ताप उतरेना. दिवसभर बरी असायची, हसायची, आणि ऊन कललं की ताप अंगात शिरायचा. डोळे खोल गेले होते. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत. मी मंगरूळहून बैलांची दमणी घेऊन आले, आत गादी घातली, वर चादर बांधली आणि तुला म्हटलं की हिला दवाखान्यात नेऊ, माझं घर तिथून जवळ आहे, मी डबा पोचवीन.

तू म्हणालास, "दवाखान्यात रंगीत पानी देतात. तिथून उभा परत आलेला एक मानूस दाखव."

मी म्हटलं, "तुह्या औषधानं उभा झालेला दाखव."

तू बैलांकडं गेलास. दमणी रिकामी परत गेली. मी राहिले.

मग तुझं रविवारचं सुरू झालं. तापावर खडकजिरी आणायची तर शनिवारी संध्याकाळी वर जाऊन तिला आवतण द्यायचं. हळद-कुंकू वाहायचं, अक्षता टाकायच्या, लाल धागा बांधायचा आणि सांगायचं की उद्या तुला घरी न्यायला येतो. रविवारी उजाडताना जायचं. लोखंड लावायचं नाही, लाकडी खुंटीनं उकरायची. कोणाची सावली पडू द्यायची नाही. जायला निघाल्यापासून ती पाट्यावर वाटली जाईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि ती पाहुणी, म्हणून पुरुषानं हातात धरून आणायची नाही, सवाशिणीच्या पदरात आणायची. बा हे सगळं करायचा. पण बा आवतण देण्याआधी शेजारच्या झुडपाचं पान जिभेवर ठेवून पाहायचा. कारण एकदा आवतण दिलं की मग चाखता येत नाही, पाहुणी उष्टी होते. हे तू विसरलास. का विसरलास तेही मला माहीत आहे. शनिवारी मी तुझ्याबरोबर नव्हते. पाहायला माझं तोंड नव्हतं.

तू हळदकुंकवाची वाटी घेऊन निघालास तेव्हा पारबती बाजेवर उशाला टेकून बसली होती. ती मला म्हणाली, "पाहा बाई, मले माहेरी न्यायले सवड नाही. गवताले आवतन द्यायले कसे नटून चालले." तू ऐकलंस आणि हसलास. हसू चांगलं होतं तुझं, ते मी नाकारत नाही. ती पण हसली आणि मग खोकत राहिली.

रविवारी उजाडताना आपण दोघं निघालो. थंडीचे दिवस होते, गवतावर दव होतं, पायाला पळसाची वाळलेली पानं चिकटत होती. मी शब्द काढला नाही. तूच दोनदा घसरलास आणि दोनदा शिवी गिळलीस. माथ्यावर पोचलो तेव्हा तांबडं फुटलं होतं. तुझा लाल धागा लांबून दिसला. तू खुंटी काढलीस, वाटी काढलीस, सूर्याकडं तोंड करून उभा राहिलास. मी वाकले आणि धाग्याच्या वरची काडी चिमटीत धरली.

गोल.

मी परत फिरवली. गोल गरगरीत. हातभर अंतरावर दुसऱ्या भेगेत अजून एक होती, धागा नसलेली. तिची काडी धरली. चार कडा, रहाटाच्या चौकोनी दांड्यासारख्या.

तू माझ्याकडं पाहिलंस. वाटेत बोलायचं नाही, हे मलाही लहानपणापासून शिकवलेलं होतं. मग मला पारबतीच्या बांगड्या दिसल्या, कोपरापर्यंत गेलेल्या. मी बोलले.

"नारायना, ही खोटी हाय. खरी थे पलीकडची. थे घे."

तू ऐकलंस. तुझ्या हातातली खुंटी थांबली. मग तू खाली बसलास आणि धाग्याची जी होती तिच्याच मुळाशी उकरायला लागलास. मी पुन्हा बोलले. तू उकरत राहिलास. मी पलीकडची उपटायला वाकले तर तू माझं मनगट धरलंस. सोडलं नाहीस. मोठा झालास तेव्हापासून तू माझ्या अंगाला हात लावला नव्हतास. तुझ्या हाताला एवढं बळ आहे हे त्या दिवशी कळलं, आणि ते कशावर खर्च केलंस तेही.

ती माझ्या पदरात टाकलीस. मी खाली आणली. तुझ्या हातात दिली असती तर तू ती वाटेत कुठं ठेवून मला दोष दिला असतास, म्हणून आणली. दोष तू तरीही दिलास.

दारात शिरलो तशी पारबतीनं मान उचलली. "भेटली का?" तिनं मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तू बोललास. पाट्यावर वाटायच्या आधीच बोललास, तुझा नियम तुझ्यासाठी नव्हता.

"भेटली. पन बाई मधातच बोलली."

एवढंच. तेवढ्यानं काम झालं. पारबतीनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. भांडं हातातून निसटताना माणूस भांड्याकडं जसं पाहतं तसं. मी तिला सांगितलं की जडीच खोटी आहे, घेऊ नको. पण तिला तुझं खरं वाटलं. नवरा होतास. ती तो काढा प्यायली, रोज, घसा जाळत. चांदण्याचा पंधरवडा संपायच्या आत ती गेली.

मी असं म्हणत नाही की खरी दिली असती तर वाचली असती. बाच्या हातानंही काही माणसं गेली होती. दवाखान्यातही जातात. पण ही तर खोटी होती, आणि ते तुला माहीत होतं की नव्हतं, एवढ्या एका गोष्टीसाठी मी तुझ्याशी म्हातारी होईपर्यंत भांडले.

गावात वाक्य तयार झालं: बाई बोलली आन पारबती गेली. विहिरीवर, लग्नात, बाजारात. माझी सासू माझ्यासमोर बोलत नव्हती, इतरांसमोर बोलत होती. मंगरूळच्या बाजारात मी वांग्याची पाटी घेऊन बसले की इंझोरीकडच्या बाया वांगी दाबून पाहायच्या आणि पुढं जायच्या. त्याचं मला काही नाही. वांगी माझी चांगली होती, दुसऱ्यांनी घेतली.

गोदाचं मला होतं. ती ते वाक्य ऐकत वाढली. तिला बोलता यायला लागलं तेव्हा तिच्या कानावर पहिल्या ज्या गोष्टी पडल्या असतील त्यात ही एक. तुझी दुसरी बायको वाईट नव्हती, तिनं पोरीला उपाशी ठेवलं नाही. पण त्या पोरीला आईच्या जागी गोष्ट दिली गेली, आणि त्या गोष्टीत मी होते. मी आले की ती माजघरात जायची. माझ्या हातचा लाडू घ्यायची नाही. तिच्या लग्नात तिनं साऱ्या बायकांच्या पाया पडून घेतलं आणि माझ्यापाशी येऊन वळली. मांडवातल्या सगळ्यांनी पाहिलं. तूही पाहिलंस. तू जवळ उभा होतास, हातात अक्षता घेऊन. जऊळक्याच्या वऱ्हाडाला कोणी तरी कानात सांगत होतं, का वळली ते. तुझ्या तोंडात त्या वेळी एक शब्द असता तर पुरलं असतं. तू अक्षता टाकल्यास.

आणि भाऊबीजेला मात्र येत होतास. दर वर्षी. चोळीचा खण आणायचास, त्याचा रंग नेहमी वाईट. जेवायचास, दोनदा भात मागायचास. मी ओवाळताना म्हणायचे, "खोटी होती." तू म्हणायचास, "तू बोलली." मग तू हात धुवायला उठायचास आणि तसाच बैलांकडं. असं किती वर्षं चाललं ते मी मोजलं नाही. माझा धनी म्हणायचा, तुम्ही बहीणभाऊ एकमेकांना मंत्र म्हणता की काय.

धनी गेला त्या उन्हाळ्यात तू न बोलावता आलास. मळ्यावर राहिलास, मोट धरलीस, माझी वांगी आणि कोथिंबीर जगवलीस. मोट वाईट चालवायचास, निम्मं पाणी थारोळ्याबाहेर जायचं, आणि मी ओरडले तरी चालवत राहिलास. हे सांगते, कारण झालं ते झालं. पण नारायणा, तुला हातानं करता येत होतं ते सगळं तू केलंस. तोंडानं करायचं एकच होतं.

यंदा दिवाळीनंतर निरोप आला की तू बाजेवरून उठत नाहीस. मी आले. पण सरळ घरी आले नाही. गाडी डोंगराखाली सोडली आणि वर गेले. माझे गुडघे कसे आहेत ते तुला माहीत नाही, तू कधी विचारलं नाहीस. बसत उठत गेले. माथा तसाच आहे. फुलं सरलेली, गवत वाळलेलं, तुझ्या त्या रविवारासारखंच. मी डोळ्यानं शोधत बसले नाही. बोटानं शोधलं. एक गोल, एक चौकोनी, दोन्ही उपटल्या. आवतण दिलं नाही, सारखी बडबडत होते, विधवा आहे, आणि खुरपं लोखंडाचं होतं. दोन वेगळ्या फडक्यांत बांधल्या आणि तुझ्या उशाशी आणून ठेवल्या.

तू अंगणात उन्हात बाजेवर होतास. एवढासा झाला होतास. मी म्हटलं, "वैद्यबुवा, ओळखा."

तू दोन्हींची पानं तोडून जिभेवर ठेवलीस. पहिल्यांदा प्रामाणिकपणे, माझा अंदाज. मग तू माझ्या तोंडाकडं पाहायला लागलास. त्या वयात, त्या अवस्थेत. मी तोंड भिंतीकडं फिरवलं.

तू हसलास. म्हणालास, "आता काय तोंड लपवतं बाई. तवा नाही लपवलं."

मी विचारलं तवा म्हणजे कधी.

"त्या रविवारी. तू काडी धरली आन तुह्यं तोंड वाकडं झालं. तू बोलाच्या आंधीच मले समजलं."

मी भिंतीकडंच पाहत होते. "समजलं होतं तं खोटी कायले उपटली?"

"आवतन तिले देल्लं होतं."

मला वाटलं तापात बोलतोस. पण तू शुद्धीवर होतास. तू समजावून सांगायला लागलास, मला, जणू मी गावाबाहेरची आहे. की न्यायला येतो म्हणून सांगितलेल्या पाहुणीला धागा बांधून तशीच सोडून शेजारणीला कसं न्यायचं. बिनआवतणाची नेली तर ती गुण देत नाही, आणि जिला टाकलं ती घर बुडवते. खरीला नव्यानं आवतण द्यायचं तर पुढच्या शनिवारपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि पारबतीपाशी तेवढे दिवस नव्हते. तुला वाटलं, खोटी असली तरी मानानं आणलेली आहे, काही तरी करील.

गवताचा मान राखलास. बायको घरात जळत होती आणि तू डोंगरावर गवताशी सभ्यपणानं वागत होतास. नारायणा, मी पुष्कळ मूर्ख पाहिले आहेत, बाजारात बसते मी. उधारीवर दागिने करणारे पाहिले, पावसात मीठ वाळवणारे पाहिले. तुझ्यासारखा नाही पाहिला. मूर्ख असतास आणि तेवढंच असतास तरी चाललं असतं. पण डोंगर उतरून उंबऱ्यात येईपर्यंत तू दुसऱ्याच्या डोक्यावर ते टाकायचं ठरवलंस, आणि ते डोकं तुझ्या शेजारी चालत होतं, पदरात तुझी पाहुणी घेऊन.

मी तुला काय काय बोलले ते तुझ्या दुसऱ्या बायकोनं स्वयंपाकघरातून ऐकलं असेल. तू ऐकून घेतलंस. उठता येत नव्हतं. शेवटी तू म्हणालास, "तुह्यावर टाकलं म्हनून मी जगलो, बाई. माह्यावर घेतलं असतं तं पोरीले कोनं वाढवलं असतं."

मी एवढंच म्हटलं, की गोदा येईल तेव्हा तिला तुझ्या तोंडानं सांग. तू म्हणालास सांगतो.

ती जऊळक्याहून आली. तुझ्या पायाशी बसली. मी खांबाला टेकून होते, तिनं माझ्याकडं पाठ केली, नेहमीसारखी. तू तिला विचारलंस आगगाडीला गर्दी होती का. म्हैस व्याली का. जावयाचं पोट दुखायचं थांबलं का. मग तू थांबलास आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलंस. मला वाटलं आता. तू डोळे मिटलेस. लहानपणी मिटायला सांगितले तेव्हा मिटले नव्हतेस.

दोन दिवसांनी तू गेलास. तुला सवड होती, आवाज होता, पोरगी समोर होती. हे मी कोणाला विसरू देणार नाही, असं मी तुझ्या तिरडीमागून चालताना ठरवलं.

तेरवीची पंगत उठली. तुझा बैल चालवणारे सगळे ढेकर देत घरी गेले. गोदा मागच्या अंगणात राखेनं परात घासत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, वाढवूनही सांगितलं नाही. काडी गोल होती. मी बोलले. त्याच्या आधीच त्याला माझ्या तोंडावरून समजलं होतं. तरी त्यानं तीच उपटली, आवतण दिलं होतं म्हणून. हे त्यानं स्वतः मला सांगितलं, इथंच, या बाजेवर, आणि तुला सांगतो म्हणाला होता.

ती घासत राहिली. त्या परातीला घासण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला वाटलं शिवी देईल, खोटारडी म्हणेल. तिनं विचारलं, "बानं म्हटलं असं? माय जळून राह्यली होती आन आवतनाचं पाहत होते?"

मी म्हटलं होय.

कावळे उष्ट्या पत्रावळींवर भांडत होते. मग ती मान वर न करता म्हणाली, "तुमी खोटं बोलत नाही, आत्या. थे दिसते मले. पन मंग आता मी राग कोनावर धरू?"

मी पुष्कळ तयारी करून गेले होते, नारायणा. इतकी वर्षं. तुझ्या नावानं जे जे बोलायचं होतं ते सगळं जिभेवर होतं आणि समोर ऐकणारी एकटी पोर, तीही आता पोर नाही, केस पिकायला लागले आहेत कानापाशी. तिनं विचारलं तेव्हा मला दिसलं, की तिचं बापासाठी रडणं अजून झालेलं नाही, आणि मी तिच्या हातात काय ठेवते आहे.

मी म्हटलं, "माह्यावरच धर. बापावर धरशीन तं रडता येनार नाही तुले."

हे मी तुझ्यासाठी केलेलं नाही. तुला त्यातलं काही नको लावून घेऊस. तू फुकट सुटलास, आयुष्यभर सुटलास तसाच.

तिनं राखेचे हात तसेच तोंडाला लावले आणि रडली. तुझ्या नावानं, बा बा म्हणत, लहान पोरीसारखी. मी परात तिच्यापुढून ओढून घेतली, विसळून पालथी घातली. मग बाकीची भांडी घासायला घेतली. तुझ्या पंगतीची भांडी फार होती.